ट्रान्सफरवाली

माझ्या पीएचडीचा विषय लोकांना सांगायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं, तिथेच सगळा घोळ झाला. विषय होता, जड अणुकेंद्रकांच्या टकरीत होणारी न्यूक्लिऑनची ट्रान्सफर. मधले शब्द बाबांच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी ते गाळूनच टाकले आणि एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या सोसायटीत जाहीर केलं, "आमची मुलगी ट्रान्सफरवर काम करते. सरकारी संस्थेत, मुंबईला."

निम्मी बिल्डिंग सरकारी नोकरांची. ज्या काकांनी कधी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते जिन्यात "काय मॅडम, बरं आहे ना?" विचारायला लागले. मला वाटलं, चला, विज्ञानाला मान मिळायला लागला. कसलं डोंबल!

वरच्या मजल्यावरच्या बाई घरी आल्या तेव्हा उलगडा झाला. बाई जूचंद्रच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचे मिस्टरही शिक्षकच, पण पार मोखाड्याला. ते शनिवारी एसटीने यायचे. लहान मुलगी आधी लाजायची, मग कुठे रुळायची, तोवर रविवार संपायचा. बाईंनी सुकेळ्यांचा पुडा टीपॉयवर ठेवला आणि म्हणाल्या, "एवढं आमच्या ह्यांचं बघ ना गं. ह्यांना इकडे आण."

"बाई, मी न्यूट्रॉनची ट्रान्सफर बघते! म्हणजे मी करत नाही, ती कशी होते त्याचं गणित मांडते."

"तेच गं. गणित कसं बसवतात, तेवढंच सांग."

बाबा पेपरामागे लपले होते. त्यांच्याकडे एकदा जळजळीत बघून मी समजवायला बसले. दोन मोठी केंद्रकं एकमेकांना घासून जातात. तेवढ्यात एकातला न्यूट्रॉन दुसऱ्यात उडी मारतो. तिकडे त्याच्याजोगी जागा रिकामी असेल तरच हं, नाहीतर बसतो आपल्या जागी.

"जागा रिकामी पाहिजे, बरोबर," बाईंनी मान डोलावली. "आणि ओळख?"

"ओळख नाही लागत."

"मग कसली गं सरकारी संस्था?"

मला हसू आवरेना. मग माझं घोडं कुठे अडलंय तेही मी सांगून टाकलं. एकट्या न्यूट्रॉनचं गणित जमत होतं. पण दोन न्यूट्रॉन गेल्याचं प्रयोगात जितक्या वेळा दिसायचं, त्याच्या जवळपासही माझं उत्तर येत नव्हतं. दोघं आपापले वेगळे जातात असं धरलं की उत्तर फारच कमी यायचं. ते जोडीने जातात असं मॉडेलमध्ये घालायला हवं होतं.

बाई ताडकन उठल्या. "म्हणजे पती-पत्नी एकत्रीकरण! अगं, आमचा अर्ज त्याच नियमात आहे! जोडीला चान्स जास्त ना? मग होणार!"

असा नियम असतो, हे मला तेव्हा कळलं. नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर त्यांना जवळ आणायचं. झालं, बाईंचा माझ्या प्रोग्रामवर देवासारखा विश्वास बसला. येता-जाता विचारायच्या, "गेली का जोडी?" लाइट जायची, माझा सेकंडहँड कॉम्प्युटर अर्ध्यावर मान टाकायचा, मी चडफडत बाल्कनीत यायचे, तर वरून आवाज, "अडकली का गं मध्येच?" शेवटी एकदाचं माझं उत्तर प्रयोगाशी जुळलं. माझ्या गाईड सरांच्याही आधी पेढे वाटले ते बाईंनी.

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर त्या कागद हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. चेहऱ्यावरून काही समजेना.

"झालं का एकत्रीकरण?" मी ओरडलेच.

"झालं. माझी बदली झाली. मोखाड्याला."

बाबांनी पेपर खाली ठेवला. मी असली भडकले! "असं कसं? त्यांना इकडे आणायचं होतं ना? हा काय चावटपणा आहे?"

"नियमात एकत्र आणा म्हटलंय. कुठे, ते नाही म्हटलेलं," बाई म्हणाल्या. "इकडे यायला सगळेच रांगेत. तिकडे जागा रिकाम्याच."

माझ्या मॉडेलमध्येसुद्धा अगदी हेच होतं. जोडी कुठल्या बाजूला जाणार ते जागा बघून ठरायचं, आणि तुला कुठे राहायचंय असं न्यूट्रॉनला कोणी विचारत नव्हतं.

बाई सोफ्यावर बसल्या. नुकतंच किचन करून घेतलं होतं त्यांनी, हौसेने, हिरव्या टाइल्स लावून. त्या आधी हसल्या, मग पदराने डोळे पुसले.

"चालेल गं," त्या म्हणाल्या. "दर रविवारी ह्यांची बॅग भरताना हात गळून जायचे माझे. आता एकदाच भरायची. तिघांची."