रीमाच्या नावाचा धवला

मुर्धा गावात शांताबाईच्या आवाजाशिवाय हळद लागत नसे. ती गावची धवलारीण, म्हणजे लग्नाच्या मांडवात बसून हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी म्हणणारी मानाची बाई. या गाण्यांना धवले म्हणतात. तिची सासूही धवलारीण होती, आणि जाण्याआधी तिने सुनेला बजावून ठेवलं होतं की धवला मांडवाबाहेर म्हणायचा नाही आणि नवरीचं नाव घेतल्याशिवाय तर मुळीच नाही. गाण्यात जिचं नाव येतं, तिच्याच अंगाला हळद लागते. शांताबाईने हे जन्मभर पाळलं. मिठागरं बुजून तिथे टॉवर उभे राहिले, अंगणातले मांडव हॉलमध्ये गेले, पण नाव घ्यायला ती कधी चुकली नाही. लेकीचं नाव कानावर पडलं की नवरीची आई डोळ्यांना पदर लावायची, आणि शांताबाईला त्यातच सगळं मिळायचं.

मग संध्या मॅडम आल्या. कुठल्याशा संस्थेतर्फे त्यांचं संशोधन चाललं होतं. शाळेत कला शिकवली तर मुलं पुढे गावच्या सांस्कृतिक जीवनात भाग घेतात का, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी शाळेतल्या मुलींना धवले शिकवायचं ठरलं आणि मॅडमनी शांताबाईला चारचौघांत 'गुरू' म्हटलं. खोटं कशाला सांगू, म्हातारी हरखली. तिला शालबिल काही नको होती. आपल्यामागे या गावात नवरीचं नाव घेणारी एखादी तरी पोर राहावी, एवढीच तिची आस होती.

अडलं ते रेकॉर्डिंगवर. मुलींना घरी ऐकता यावं म्हणून मॅडमना ते हवं होतं. मांडव नाही, नवरी नाही, मग गाऊ कशी, म्हणून शांताबाईने साफ नकार दिला. नाव न घेता म्हणा, असं मॅडमनी सुचवलं. ते तर तिला त्याहून वाईट वाटलं, कारण बिननावाची हळद कुठे जाऊन लागेल याचा काय नेम? दोन रात्री विचार करून तिनेच तोड काढली. तिच्या नातीचं, रीमाचं, लग्न ठरलेलं होतं. तिचंच नाव घेतलं तर गाणं वाया जाणार नाही. वर्गात केळीचे खुंट बांधून घेतले, मधे पाट मांडला, त्यावर हळदीची वाटी ठेवली आणि शांताबाई जीव ओतून गायली. नातीचं नाव होतं ना.

रीमाच्या हळदीला ती नवी साडी नेसून मांडवात जाऊन बसली. घसा खाकरून पहिला शब्द काढणार, तोच तिचा मुलगा गुणवंत लगबगीने आला.

"आये, तू कशाला दम लावतेस? मॅडमनी दिलेलं हाय ना, रीमाच्याच नावाचं. डीजेला देऊन ठेवलंय."

मागून तिचाच आवाज हॉलभर घुमला. शाळेत शिकलेल्या पोरी उठल्या आणि स्नेहसंमेलनात बसवलेला नाच नाचल्या. गायली एकही नाही. गाणं लागलेलं असताना त्यांनी तरी का गावं? आजी, तुझा आवाज किती क्लिअर आलाय, म्हणून रीमाने तिच्या गळ्यात हात टाकला, तेव्हा शांताबाई फोटोपुरतं हसली. आपली जागा आपण आपल्याच हाताने देऊन टाकली, हे तिला तिथेच कळलं होतं, आणि चीड आली ती मुलाची नाही, स्वतःचीच.

संध्या मॅडम मात्र खूश होत्या. त्यांनी ते रेकॉर्डिंग गावच्या ग्रुपवर टाकलं. पुढे शाळेत कार्यक्रम झाला, त्यात गावातल्या लग्नांमधून धवले पुन्हा ऐकू येऊ लागल्याचं त्यांनी वाचून दाखवलं. सांस्कृतिक सहभाग वाढला म्हणे. टाळ्या पडल्या आणि शांताबाईच्या खांद्यावर शाल आली. धवले ऐकू येत होते हे खरंच होतं. शांताबाईला बोलावणं येत नव्हतं, ते विचारलं कोणी?

त्यानंतर शेजारच्या सुलूच्या मुलीची, तेजश्रीची, हळद आली. शांताबाईला आमंत्रण होतं, पण पाहुणी म्हणून. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. हळद लावायला सुरुवात झाली आणि स्पीकरवर गाणं लागलं, रीमाच्या नावाचं. रीमा तर केव्हाच वसईला सासरी नांदत होती, आणि इथे हळद तेजश्रीच्या अंगाला लागत होती. शांताबाईला बसवेना. ती गर्दीतून वाट काढत सुलूजवळ गेली आणि म्हणाली, "ते बंद कर गो. नाव दुसरीचं हाय. मी गाते, तुझ्या पोरीचं नाव घेऊन."

सुलूने वैतागून नाही, अगदी मायेनेच तिला बसवलं. "नाव कोन ऐकतंय, काकी? गानं लागलं म्हंजे झालं."

हीच सुलू. हिच्या हळदीला शांताबाईने नाव घेतलं तेव्हा हिची आई ऊर फुटेस्तोवर रडली होती. शांताबाईच्या ओठांवर ते आलं होतं, पण शुभकार्यात कशाला, म्हणून तिने गिळलं.

ती उठून गेली नाही. खुर्ची ओढून नवरीच्या पाटाशी बसली. स्पीकरवर रीमा आलं की ही पुटपुटे, तेजश्री. पुन्हा रीमा, पुन्हा तेजश्री. तिच्याच तरण्या वाटणाऱ्या आवाजाखाली तिचं बोलणं तिच्या स्वतःच्या कानालाही पोचत नव्हतं, तरी ती एकेक ओळ धरून होती.

म्हातारीचे ओठ हलताहेत हे हळद माखलेल्या तेजश्रीने पाहिलं. पोर गुणाची होती. तिने कोणालातरी खूण केली आणि लगेच पाण्याचा ग्लास आला.

"पी आजी, घसा सुकला असेल."

शांताबाईने ग्लास तोंडाला लावला. पुढच्या कडव्यात नाव आलं, तेव्हा तिच्या तोंडात पाणी होतं.