बत्तीस एमबी आणि डॉक्टरीणबाई

आमच्या बस आगारात डॉक्टरीणबाई आहेत. त्या डॉक्टर नाहीत. आधी कंडक्टर होत्या. गुडघा दुखावला तेव्हा त्यांना नेमणूक विभागात बसवलं. उद्या कोणत्या बसवर कोण ड्रायव्हर आणि कोण कंडक्टर, याचं पत्रक तिथे बनतं. तेव्हा ते हाताने लिहीत. मग पत्रकाचं काम करणारा मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर आला. त्याला हात लावायला कोणी धजेना, तो बाईंनी लावला, आणि पुढे सगळं त्या पुस्तकं वाचून, चुकत माकत शिकल्या. रोज सकाळी आल्याबरोबर त्या त्याच्या पाठीवर तळहात ठेवून ताप बघतात आणि कान लावून पंख्याची घरघर ऐकतात. ड्रायव्हर मंडळींनी पदवी बहाल केली ती त्यामुळे. मी आस्थापना शाखेत, त्यांच्या शेजारच्या टेबलावर.

घरी त्यांचे यजमान शिंपी आहेत. पुढच्या खोलीत दुकान, मागे दोन खोल्यांत संसार, आणि त्या संसारावर देखरेख ठेवायला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाई रोज दुपारी एक वाजता सुनेला फोन करतात. विषय लागतोच असं नाही. सर्व्हरला त्या ‘तुझं ते डबडं’ म्हणतात आणि त्याची तब्येत मात्र न चुकता विचारतात.

बाईंचा अभिमान एकच होता. अकरा वर्षांत सर्व्हर एकदाही बंद पडला नव्हता. बंद केलाही नव्हता. पंख्याच्या जाळीवरची धूळसुद्धा त्या चालू यंत्रावरच दात घासायच्या ब्रशने काढत. आगारात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे ते पाहुण्यांना सांगत, जणू त्यात प्रत्येकाचा थोडा थोडा हात होता.

तर यंदा खालच्या खोलीच्या भिंतीला ओल आली आणि सर्व्हर वरच्या मजल्यावर न्यायचं ठरलं. त्याच सुमारास आगारप्रमुख साहेबांच्या मनात सर्व्हरचं आणि पत्रकाचं काम बाहेरच्या एका कंपनीकडे सोपवावं असं घोळत होतं. त्यांनी स्पष्टच सांगितलं की हलवायच्या दिवशीही पत्रक रोजच्यासारखं चार वाजता भिंतीवर लागलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून कंपनी, आणि बाईंनी हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायचं. त्या खिडकीत छत्र्या असतात, एकेकटे बूट असतात आणि एक कवळी आहे, जिला तीन वर्षांत कोणी विचारायला आलेलं नाही.

“कवळीला ताप येत नाही,” बाई मला म्हणाल्या. “मी तिथे करू काय?”

कोणत्याही शहाण्या माणसाने सर्व्हर बंद करून वर नेला असता. आमच्याकडे ती सूचना करायची कोणाची छाती झाली नाही. अकरा वर्षांचा विक्रम मोडायचा कसा? शेवटी दोन मेकॅनिकनी सर्व्हर उचलला आणि त्याला विजेची कमी पडू नये म्हणून भांडारपाल बॅटरीचा खोका छातीशी धरून मागोमाग निघाले, सलाइनची बाटली धरून रुग्णामागे चालावं तसे. बाई पुढे होऊन वाट मोकळी करत होत्या. वर्कशॉपमधली सगळी माणसं जिन्यापाशी जमली होती. एकाने तर टोपी काढली. पहिल्या बारा पायऱ्या सुरळीत गेल्या. वळणावर मेकॅनिक वळले, भांडारपालांचं पोट कठड्याला अडलं, वायर ताणली गेली आणि प्लग सुटला. पंख्याची घरघर हळूहळू उतरत थांबली. भांडारपाल तिथेच पायरीवर बसले.

सकाळचे अकरा वाजले होते. वर नेऊन सर्व्हर लावला, तो सुरूही झाला, पण पत्रकाचा डेटाबेस, म्हणजे सगळ्या माहितीचा साठा, काही उठेना. पडद्यावर एकच तक्रार येत होती, मेमरी मिळाली नाही. कंपनीचे गृहस्थ टाय लावून आधीच हजर होते. त्यांनी पडदा वाचला आणि निदान केलं की यंत्र म्हातारं झालंय, मेमरी पुरत नाही, नवीन घ्या.

“काल संध्याकाळपर्यंत पुरत होती,” बाई म्हणाल्या. “एक जिना चढून म्हातारं झालं होय?”

पण त्यांचा चेहरा उतरला होता. सर्व्हरमध्ये सोळा जीबी मेमरी होती आणि डेटाबेसला हवी होती एक. दोन तास त्यांनी तारा तपासल्या, कागद चाळले, पाठीवर हात ठेवून पाहिला. ताप नव्हता.

एक वाजता सासूबाईंचा फोन आला. घरी वीज जाऊन आली होती आणि ओव्हनवरचं घड्याळ बारा दाखवत उघडझाप करत होतं. सासूबाईंचं म्हणणं, कालपर्यंत त्याला बरोबर कळत होतं, आज मुद्दाम करतंय.

“अहो आई, मुद्दाम नाही. वीज गेली की शिकवलेलं सगळं विसरतं ते. जन्मतः जेवढं येतं तेवढंच...”

वाक्य तिथेच थांबलं. बाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि कीबोर्ड ओढला. फोनमधून सासूबाई ओव्हनच्या खोडी सांगत राहिल्या. पडद्यावर एक आकडा आला, बाईंनी तो बोट ठेवून वाचला आणि मटकन खुर्चीत बसून हसायला लागल्या. हसणं थांबेना.

मला त्यांनी जे समजावलं ते असं. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नेल म्हणतात, तो कचेरीचा व्यवस्थापक समजा. डेटाबेसचे अनेक कारकून एकाच वेळी काम करतात आणि त्यांना मध्ये एक सामायिक टेबल लागतं. ते टेबल किती मोठं मागता येईल याचा नियम कर्नेलमध्ये आधीपासून घातलेला असतो. आमच्या सर्व्हरमधला नियम होता बत्तीस एमबी, म्हणजे एका जीबीचा बत्तिसावा भाग. मेमरीचा हॉल केवढाही असो, टेबल चहाच्या ट्रेएवढं. हॉल रिकामा पडलेला आणि कारकून दाराबाहेर उभे.

अकरा वर्षांपूर्वी बाईंनी चालू यंत्रावरच हुकूम देऊन ती मर्यादा दोन जीबी केली होती. तो तोंडी हुकूम. यंत्र सुरू होताना जी फाइल वाचतं तिच्यात तो लिहिला नव्हता. यंत्र बंदच होणार नव्हतं, मग लिहायचा कशाला?

त्यांनी मर्यादा वाढवली आणि दोन मिनिटांत डेटाबेस उभा राहिला. मेकॅनिकनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी विचारलं, मग चूक कोणाची होती. बाई सहज “तारेची” म्हणू शकल्या असत्या. भांडारपाल तर ती अंगावर घ्यायला पुढेही सरकले होते.

“माझी,” बाई म्हणाल्या. टायवाल्यांनी ताबडतोब पेन काढलं.

मग बाईंनी तो आकडा फाइलमध्ये लिहिला आणि म्हणाल्या, आता यंत्र बंद करून परत चालू करते.

खोलीत एकदम दहा माणसं बोलायला लागली. दोन वाजायला आले होते. पत्रक तयार व्हायला तास लागतो. साहेबांनी अक्षरशः हात जोडले. “बाई, चालतंय ना? मग आता हात लावू नका.”

“साहेब, अकरा वर्षं मी हेच करत आले.”

आणि बंद केलं. स्वतःच्या हाताने, बटण दाबून. परत उठायला नऊ मिनिटं लागली. भांडारपाल खिडकीकडे तोंड करून उभे होते. पडदा उजळला आणि पुन्हा तीच तक्रार, मेमरी मिळाली नाही. टायवाले गालात हसले. बाईंनी फाइल उघडली. आकडा दहा अंकी होता, शेवटचा अंक टंकायचा राहिला होता. म्हणजे न तपासता घरी गेल्या असत्या तर पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा बोंब. त्यांनी अंक भरला, दहाही अंक मोठ्याने मोजून दाखवले, आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी सगळे पडद्यासमोर येऊन बसले. साहेबसुद्धा मांडी घालून जमिनीवर बसले होते.

दोन वाजून चोवीस मिनिटांनी डेटाबेस आपणहून उठला. साहेबांनी टायवाल्यांना विचारलं, तुमच्याकडे आपली चूक आपणहून दोनदा तपासणारं कोणी आहे का. ते म्हणाले, तशी सेवा पॅकेजमध्ये नाही.

चारला तीन मिनिटं कमी असताना बाईंनी पत्रक स्वतः भिंतीवर लावलं. साहेबांनी तिथल्या तिथे आदेश दिला की काम बाईंकडेच राहील, मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांनी सर्वांसमक्ष सर्व्हर बंद करून दाखवायचा. तेवढ्यात चारच्या पाळीचा एक ड्रायव्हर आला. त्याने पत्रकावर आपलं नाव शोधलं आणि कपाळाला हात लावला.

“डॉक्टरीणबाई, परत मला टेकडीचाच रूट? काय वैर आहे हो तुमचं माझ्याशी?”

बाई म्हणाल्या, “बाळा, आज तू कितीही शिव्या दे,” आणि त्याच्या पाठीवर तळहात ठेवून त्याचा ताप बघितला.