सूर तुटू द्यायचा नाही

डोळे मिटून गप बसणाऱ्या माणसांकडं सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचं. पण सकाळच्या बैठकीला बसायला लागल्यापासून माझ्याकडं इतकं साठलंय, की बायको म्हणते, तुमी तिथं ध्यान करायला जाता का गप्पा हाणायला? अन् यातलं एखादं सांगितलं की तीच दिवा चालू ठेवून झोपते.

बैठक म्हणजे परभणीत, आमच्याच कॉलनीत, भानुदास सरांच्या पुढच्या खोलीत. सर शाळेतून रिटायर झालेले. त्यांची बायको विमलवहिनी, खानावळ चालवणारी कुसुमताई आणि एसटीतला कंडक्टर मी. एवढीच माणसं. फक्त ओम म्हणायचं, तेही लय सावकाश. सरांचा नियम एकच. ज्याचा दम संपेल त्यानं खुशाल श्वास घ्यावा, तोवर बाकीच्यांनी सूर धरून ठेवायचा. मधे तुटू द्यायचा नाही.

०

माझी घाई सगळ्या कॉलनीला माहीत. निम्मी जिंदगी "चला, पुढं सरका" म्हणण्यात गेलेली. सुरुवातीला एकदा सर म्हणाले, भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीनं तुमी लोक पळायलाव. त्यांनी सेल काढून खिशात टाकला. डोळे मिटले, ओम सुरू झाला, अन् टिकटिक चालूच!

माझ्या अंगावर काटा आला. कुसुमताईनं तर ओम सोडून कुलदैवताला हाका मारायला सुरुवात केली. सरांनी एक डोळा उघडला, खोलीभर फिरवला आणि सावकाश म्हणाले, "कंडक्टरसाहेब, नख."

मी नखानं शर्टाचं बटण वाजवायलो होतो. माझं मलाच ठाऊक नव्हतं.

०

सर म्हणायचे, हे इथंच ठेवून जाऊ नका, कामावर घेऊन जा. आता एसटीत काय डोंबल ध्यान करणार? तरी एकदा बाजाराच्या दिवशी पालमच्या गाडीत करून बघितलं. तोंडातल्या तोंडात ओम, अन् तिकीट देताना प्रत्येकाच्या तोंडाकडं नीट बघायचं. गाडी गच्च भरलेली. फोनवर ओरडणारा एकजण, खिडकीवरून भांडणाऱ्या दोघी, रडणारं लेकरू, सगळं होतं.

मी एकेकाला तिकीट देत मागं सरकत गेलो. शेवटच्या सीटपाशी पोचलो तर गाडीत चिडीचूप. फोनवाल्यानं फोन मांडीवर ठेवलेला. लेकरू डोळे न मिटता माझ्याकडं बघायलेलं. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, मान वळवली आणि विचारलं, "सगळे उतरले का काय?"

मी हसलो. गाडीत दुसरं कुणीच हसलं नाही.

०

कुसुमताईचं याहून वेगळं. ती भाकरी थापताना ओम म्हणायची. एका दुपारी तिचा जीव त्यातच लागला. पीठ, पाणी, तवा, एवढंच दिसायलं होतं म्हणे. अन् तिच्या ध्यानात आलं, की आपण डाव्या हातानं थापायलोत. कुसुमताई उजव्या हाताची. डावखुरी होती तिची आई. ती जाऊनही बरीच वर्षं झाली.

मी विचारलं, मग काय केलं? ती म्हणाली, हात अडवला नाही. ती भाकरी मात्र गिऱ्हाइकाला वाढली नाही, स्वतःच खाल्ली. अन् सांगता सांगता रडायला लागली, म्हणाली, तशीच लागली.

०

उन्हाळ्यात सर गेले. सकाळी खुर्चीत बसले होते. वहिनी स्वयंपाकघरात निघाल्या तर म्हणाले, विमल, जरा बस, तुला एक सांगायचंय. वहिनींनी जाता जाताच सांगितलं, लवकर सांगा, दूध वर आलंय. दूध उतरवून बाहेर येईस्तोवर सर संपले होते.

त्यानंतर वहिनी खोली उघडून द्यायच्या, पण बसायच्या नाहीत. ज्याला त्याला विचारायच्या, काय सांगायचं असेल हो त्यांना? मलाही विचारलं. मी आपलं हलकं करायला म्हणालो, लाईटबिलाचं असेल. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जलमभर मला सावकाश म्हणायले, अन् मी त्यांना शेवटचं काय म्हणाले, तर लवकर." मला इतकी लाज वाटली, की पुन्हा त्यांच्यापुढं थट्टा केली नाही.

०

आता हे शेवटचं. परवा वहिनी आपण होऊन येऊन बसल्या. म्हणाल्या, म्हणणार नाही, नुसती ऐकते. लाईट गेलेली होती, त्यामुळं पंखा, फ्रिज, सगळं बंद. मी आणि कुसुमताईनं ओम धरला. दोघंच असल्यामुळं लय जपून, आलटून पालटून श्वास घ्यायलो होतो.

मधेच माझा दम संपला. मी थांबलो आणि त्याच घडीला कुसुमताईला ठसका लागला. तिचाही सूर सुटला. म्हणलं, गेलं, तुटलं.

तुटलं नाही. ओम चालूच होता. जाडसर, सावकाश, भिंतीकडून.

आधी वाटलं वहिनी म्हणायल्यात. डोळे उघडले. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले, गालावरून पाणी चाललेलं. कुसुमताईनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरलेले. मी बटणाकडं बघितलं, हात मांडीवर होते. आतून करपल्याचा वास यायला लागला. वहिनी गॅसवर दूध ठेवून आल्या होत्या. कुसुमताई धडपडत उठायला लागली, तेव्हा वहिनींनी डोळे न उघडताच तिचा पदर धरला. आवाज अजून खोलीत होता.

"कुसुम, बस," त्या म्हणाल्या. "जळू दे दूध. त्यांचं अजून सांगून झालं नाही."