आईचं एकच बटण

मंडळी, नगरला दवाखान्यासमोरच्या सायबर कॅफेतून लिहितोय. आज सकाळी आई कोल्हारच्या घरी न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलंय.

तिला आकडे वाचता येत नाहीत. म्हणून घरी फोन बसवला तेव्हा मीच शहाणपणा केला. त्यावरून एकदा माझा नंबर लावला, तिला री-डायलचं बटण दाखवलं आणि सांगितलं, "हे दाबलं की मीच उचलणार." ती दुसरीकडे कुठे फोन करतच नाही, म्हणजे शेवटचा लावलेला नंबर माझाच राहणार!

पण सगळ्या गल्लीत फोन आमचाच. काल शेजारच्या काकांनी त्यावरून संगमनेरच्या खताच्या दुकानात फोन लावला होता.

आज आई सरपटत फोनपर्यंत गेली. बटण दाबत राहिली. दुकानदार दर वेळी "राँग नंबर" म्हणून ठेवून देत होता. शेजारीण आली तेव्हा दुपार झाली होती.

मी वैतागून विचारलं, "अगं, त्या माणसाला सांगायचंस तरी, पडलेय म्हणून!"

"तुझा फोन दुसराच मानूस उचलत हुता. तुलाच काही झालं का काय, तेच इचारत बसले मी."

मंडळी, ते बटण कसं चालतं, हे आता तिला कोणत्या तोंडाने समजावू?