माळकऱ्याच्या तोंडाचा वास

तो पीत नव्हता. हे आधीच लिहून ठेवतो, कारण त्या दिवशी तापीकाठच्या मळ्यात एवढं एक वाक्य कुणाला पटलं नाही.

धडगावच्या डोंगरातून बायकोसह कापसाच्या कामाला आलेला मजूर. गळ्यात माळ. माळ घातली की मोहाची दारू सोडायची, हा त्यांच्या पाड्याचा नेम. दुपारी फवारणीचा पंप पाठीवरून उतरवला आणि तो बांधावर कोसळला. लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं, दंडाचे स्नायू कातडीखाली फडफडत होते.

मालकानं वाकून तोंड हुंगलं. "लसून खायेल शे, वास दपाडाले. पेयेल शे तो."

"लसूण वास लपवायला खाल्लेला नाही, फवारणीच्या औषधालाच तसा वास येतो," मी ओरडलो. मजुरांना पत्रकं वाटायला मी मळ्यात आलो होतो. "गाडी जुंपा, शहाद्याच्या दवाखान्यात उतारा मिळेल."

"पत्रकवाले भाऊ, तुम्हना पत्रकमा हाई छापेल शे का?"

गडी हसले. बायको आपल्या बोलीत एकच सांगत राहिली, हा पीत नाही.

पत्रकात नव्हतं, कॉलेजात शिकलो होतो. पेशीत एक एन्झाइम फॉस्फेट चिकटवून काम सुरू करून देतं. ते फॉस्फेट काढून काम थांबवणारं दुसरं, फॉस्फेटेज. चालू करणाऱ्याइतकाच थांबवणारा लागतो, नाहीतर जीव स्वतःच्याच हुकमांखाली मरेल. हे विषसुद्धा फॉस्फेटच चिकटवतं, पण मज्जातंतूचा निरोप पुसणाऱ्या एन्झाइमला. ते वेळेत काढून टाकणारं शरीरात कुणी नाही. निरोप पुसला जात नाही, स्नायू फडफडत राहतो, आणि शेवटी छातीचाही दमतो.

एवढं सगळं कुठे सांगणार? मी म्हणालो, "याच्या अंगातला थांबवणारा मेलाय. आपोआप थांबणार नाही हे."

"चढेल शे. उतरनी म्हंजे थांबी जाई."

गाडी जुंपली नाही. बैल समोर कडबा खात होते.

दिवस कलला तशी फडफड थांबली. मालक लांबूनच म्हणाला, "देखा भाऊ, थांबना नं?"

मग शेजारच्या मळ्यांत कामाला आलेले त्याच्याच पाड्याचे माळकरी आले. त्यांनीही मालकाचंच ऐकलं. पिऊन मेलेल्याच्या गळ्यात माळ ठेवत नाहीत. उचलण्याआधी त्यांनी ती तोडली. बायकोनं दोन्ही हातांनी नवऱ्याचा जबडा उघडून धरला आणि एकेकाला म्हणाली, हुंगा.

कुणीही वाकलं नाही.