आपल्या माणसाची जांभई

आमची वहिनी जांभयांची शास्त्रज्ञ. हे ऐकलं की पाहुणे आधी हसतात आणि मग जांभई देतात. एकाची जांभई दुसऱ्याला का लागते, एवढंच तिला आयुष्यभर शोधायचं होतं. संशोधन संस्थेत तिला जिन्याखालची खोली मिळाली होती. तिथे दोन खुर्च्या समोरासमोर मांडायच्या, एकाने जांभई द्यायची आणि दुसऱ्याचं तोंड उघडतं का, ते कॅमेऱ्यात टिपायचं. माझा भाऊ म्हणायचा, "आमच्या घरात हिलाच तेवढा जांभया द्यायचा पगार मिळतो."

मग वहिनीची आई आमच्याकडे राहायला आली. आई सगळं विसरली होती. पोटच्या पोरीला ती नर्सबाई म्हणायची आणि मला भाडेकरू. वहिनीचा कयास असा, की जांभई परक्यापेक्षा आपल्या माणसाची जास्त लागते. "भावजी, माझी जांभई आईला लागते का, एवढंच बघायचंय," ती मला म्हणाली. "म्हणजे तिच्या आत मी कुठे शिल्लक आहे का, ते कळेल. पण नीट, कॅमेऱ्यासमोर. घरी बघितलं तर मला हवं तेच दिसेल."

पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. संस्थेचा खर्च गाद्यांची एक कंपनी करायची, आणि आपल्या गादीवर माणूस इतरांच्या गादीपेक्षा लवकर जांभई देतो, एवढंच तिला सिद्ध करून हवं होतं. खुर्च्या गेल्या, गाद्या आल्या. त्यातच लष्कराला वास लागला. एक कर्नल आले, गादीच्या कडेवर ताठ बसले आणि म्हणाले, "बाई, शत्रूच्या पहारेकऱ्यांना लांबून जांभया आणता येतील का?"

"साहेब, जांभई मुळात लागते कशी, ते आधी कळू दे."

"ते मागाहून बघू. आधी भोंगा बनवा."

वर्षभरात भोंगा तयार झाला. त्यात भरायला जांभया हव्या होत्या. बाहेरचा माणूस आणायचा तर परवानग्यांची कटकट, म्हणून कर्नलांच्या तुकडीतल्या हवालदारांच्याच भरल्या. शत्रू म्हणून दुसऱ्या छावणीतले जवान मैदानात उभे केले. भोंगा वाजला. शत्रू टक्क जागा! इकडे भोंग्यामागची अख्खी तुकडी आपल्याच दोस्तांच्या जांभया ऐकून लोळायला आली आणि कर्नलांनी तोंडावर टोपी धरली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कोणाकडे?

वहिनी आनंदाने नाचायचीच बाकी होती, कारण तिचं म्हणणं खरं ठरलं होतं. कर्नल मात्र पांढरेफटक पडले. शत्रूला हे कळलं तर? त्याच संध्याकाळी जांभई हे लष्करी गुपित झालं. संस्थेबाहेर प्रयोग बंद, घरी तर मुळीच नाही. वहिनीने हात जोडून विचारलं, "मग आईला एकदा संस्थेत आणू का?" संचालकांनी लष्कराला विचारलं, लष्कराने कंपनीला. उत्तर आलं की आई सैनिक नाही आणि गिऱ्हाईकही नाही, तेव्हा ती कशातच बसत नाही. मला असा संताप आला, की संचालकांच्या टेबलावरची नमुन्याची उशी त्यांच्याच तोंडावर हाणावी. मी घरी होतो म्हणून ते वाचले.

घरी वहिनीचे हाल सुरू झाले. आईसमोर जांभई आली, की ती तोंड दाबून बाथरूममध्ये पळायची. "वहिनी, दे की एक. कोण बघतंय?" मी म्हणायचो.

"आणि नोकरी गेली तर आईची औषधं तुम्ही आणणार?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

एका दुपारी लष्कराचा तपासनीस आला. घरात चोरून प्रयोग चालत नाहीत ना, हे त्याला बघायचं होतं. आई खुर्चीत बसली होती आणि वहिनी समोर स्टुलावर बसून तिची नखं कापत होती. तपासनिसाने कपाटं उघडली, डबे हुंगले आणि मध्येच स्वतः भली मोठी जांभई दिली. ती मला लागली. मला कुणाचीही लागते, वहिनीच्या शास्त्राला मी कलंकच आहे. आईने आम्हा दोघांकडे पाहिलं, पण तिचं तोंड मिटलेलंच.

"हे भाडेकरू फार आळशी," ती म्हणाली.

तपासनीस आता कॅमेरा शोधायला पलंगाखाली शिरला. वहिनीची आदली रात्र आईच्या उशाशी गेली होती. नखं कापता कापता तिचा जबडा थरथरला. तिने ओठ घट्ट मिटले. हात मोकळा नव्हता, आणि जांभई आलीच. आई तिच्याकडे बघत राहिली. मग आईचे सुरकुतलेले ओठ हळूहळू उघडले, पार उघडले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वहिनी जागीच थिजली.

"इथे काहीच नाही!" पलंगाखालून तपासनीस ओरडला.

आईने वहिनीच्या हातावर थोपटलं. "दमलात हो नर्सबाई. तुमची आई वाट बघत असेल. घरी जा आता."

"हो, जाते," वहिनी म्हणाली आणि तिने पुढचं बोट हातात घेतलं.