पडद्यावरचं फाटक

कॉलेज सोडलं, डिग्री तिथंच राहिली, किस्से तेवढे सोबत आले. मलकापुरात चहाला बसलं की दोस्त म्हणतात, "लॅबचं सांग बे." आमच्या सरांनी आयुष्यभर पुरेल एवढा माल दिलाय.

लॅबमध्ये आम्ही सर्किट आधी कॉम्प्युटरवर चालवून पाहायचो. चिप बनल्यावर चूक सापडली तर फेकावीच लागते ना! पडद्यावर हिरवी रेष आली तर ठीक. लाल म्हणजे पुढं काय होईल ते कॉम्प्युटरलाच माहीत नाही.

माझी लाल रेष सरांनी पाहिली. "लाल काऊन दिसून राह्यली?"

"सर, सुरुवातीला सर्किट शून्यावर आणणारा रिसेट द्यायचा राहिला."

"मंग सेटिंगमधे जाऊन हिरवी कर."

केली. पूर्ण मार्क.

*

एकदा विचारलं, "सर, तुम्ही हे स्वतः कधी चालवलंय?" सरांनी बापाला बोलावलं. बाप म्हणाला, "मोठ्या माणसाले असं इचारतेत का?" दोघांचं लगेच जमलं. मी कॉलेज सोडून निघालो.

*

सर्किटला खोटे सिग्नल देऊन तपासणारा प्रोग्राम असतो, त्याला म्हणतात टेस्टबेंच. माझ्या रिपोर्टात तो शब्द वाचून स्टोअरच्या काकांनी कॉलेज सोडल्याचा दाखला अडवला.

"बेंच जमा कर."

"काका, तो प्रोग्राम आहे."

"हाव, पण बेंच कॉलेजचाच ना?"

सरांकडं गेलो. "कायले वाद घालतं बे? एखादं बाकडं दे त्याले."

वर्गातलंच एक उचलून दिलं. पावती मिळाली.

*

वर्गातली वैशाली बीबी गावची. पुण्याची नोकरी ठरली होती, फक्त प्रोजेक्ट पास व्हायचा होता. प्रोजेक्ट म्हणजे रेल्वे फाटकाचं सर्किट. गाडी आली की बंद, गेली की उघडं. दोन्हीकडून गाड्या आल्या तर मात्र पहिली जाताच फाटक उघडायचं. हे तिला परीक्षेच्या आदल्या दिवशीच सापडलं.

सर म्हणाले, "परीक्षकासमोर एकच गाडी सोड. नोकरी घालवतं का पोरी?"

परीक्षेच्या दिवशी दाखला घ्यायला आलेला मी लॅबच्या दाराशी उभा. वैशालीनं परीक्षकांसमोर पडद्यावर दोन्ही गाड्या सोडल्या. फाटक उघडलं, दुसरी गाडी अजून यायचीच होती.

सर घाईनं परीक्षकांना म्हणाले, "सर, आपल्याकडं दोन गाड्या संगं येतच नाहीत."

"मग मी सकाळी तुमच्या फाटकावर कशासाठी ताटकळलो?" परीक्षक वैशालीकडं वळले. "दुरुस्त करता येईल? मी बसतो."

तिनं सर्किटला आत किती गाड्या आहेत ते मोजायला लावलं, पुन्हा चालवलं. पहिली गेली, फाटक बंदच. दुसरी गेली, उघडलं. परीक्षकांनी सही केली.

सर अजून पडद्याकडंच पाहत होते.

"पण येवढा वेळ बंद ठेवलं तं," ते म्हणाले, "लोकं खालून निघतीन ना."